रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव व गर्भाशयाचे दुर्मिळ कर्करोग

पाळी थांबून एक संपूर्ण वर्ष लोटले, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. त्यानंतर पाच-दहा वर्षांनी एखाद्या दिवशी वस्त्रावर रक्ताचा डाग दिसतो. घरात कोणी म्हणते उष्णता वाढली, कोणी म्हणते पाळी परत आली. बहुतेक वेळा ती बाई कोणाला सांगतच नाही. या वयात असली गोष्ट सुनेपुढे कशी काढावी, हा तिचा संकोच. रजोनिवृत्तीनंतर पाळी परत येत नसते. डाग एकदाच पडला, तरी तपासणी झालीच पाहिजे.

असा स्राव होणाऱ्या 100 स्त्रियांपैकी सुमारे 9 जणींस गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग आढळतो. इतरांची कारणे बहुधा साधी असतात. त्या नऊ जणींतही बहुतेकींचा रोग सावकाश वाढणारा व वेळीच शस्त्रक्रिया झाल्यास बरा होणारा असतो. दुर्मिळ प्रकारांचे तसे नाही. ‘सीरस’ हा प्रकार अशा 10 रुग्णांत एखादीलाच होतो. पण अंतःस्तराच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत त्याचा वाटा सुमारे 40 टक्के आहे. नेहमीच्या प्रकाराचा स्थूलपणाशी निकटचा संबंध असतो. हा मात्र सडपातळ, काटक वृद्धेलाही गाठतो.

येथेच फसगत होते. सोनोग्राफीत अंतःस्तर 4 मिलिमीटर वा त्याहून पातळ दिसला की सहसा धीर दिला जातो. परंतु सीरस कर्करोग सुकलेल्या, पातळ अंतःस्तरातही उद्भवतो. म्हणून अहवाल चांगला असूनही स्राव पुन्हा झाला, तर अंतःस्तराचा नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे अगत्याचे ठरते. पॅप तपासणी गर्भाशयाच्या मुखासाठी असते. ती निर्दोष आली म्हणून निर्धास्त राहू नये.

गर्भाशयाच्या स्नायूंतून होणारा लिओमायोसार्कोमा याहून विरळा. स्नायूंच्या साध्या गाठी रजोनिवृत्तीनंतर आक्रसतात. संप्रेरकांची औषधे चालू नसता गाठ वाढू लागली, तर संशय घ्यावा. अशी गाठ पोटातल्या पोटात यंत्राने तुकडे करून काढल्यास रोग पसरण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2014 मध्ये याविषयी इशारा दिला.

प्राथमिक आरोग्य केंद्रात जाताना पाळी कोणत्या वर्षी थांबली, स्राव किती वेळा झाला आणि स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या घेतल्या होत्या काय, हे आठवून ठेवावे. त्या गोळ्यांनी गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका काहीसा वाढतो. सोबत सून वा मुलगी असल्यास उत्तम.