शोधात शून्य, पण प्रबंध तिथेच आहे: जुनं कोकून दुरुस्त करताना

इयरफोन नीट लावा, कारण आजचा विषय थोडा जुना आणि थोडा टेक्निकल आहे. पण शेवटपर्यंत ऐकलंत तर उपयोग होईल, आणि तो फक्त कोकून वापरणाऱ्यांनाच होईल असं नाही.

आज बोलायचंय अपाची कोकूनबद्दल. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी हे नाव ऐकलंही नसेल. कोकून म्हणजे एक्सएमएलपासून वेबसाइट बनवणारं जावामधलं फ्रेमवर्क. स्टेफानो माझोकी यांनी ते १९९९ च्या सुमारास सुरू केलं आणि २००१ मध्ये दुसरी, मोठी आवृत्ती आली. आज नवीन प्रोजेक्टसाठी कोणी कोकून निवडत नाही. सीव्हीवर लिहिलंत तर एचआर विचारेल, "हे काय असतं?"

मग आज कशाला बोलायचं? सांगतो. डीस्पेस नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. प्रबंध, शोधनिबंध, जुनी कागदपत्रं सांभाळून ठेवण्यासाठी जगभरातली ग्रंथालयं ते वापरतात. आपल्याकडचं शोधगंगा डीस्पेसवरच उभं आहे. या डीस्पेसला पूर्वी दोन चेहरे होते, आणि त्यातला एक्सएमएलयूआय नावाचा चेहरा कोकूनवर चालायचा. २०२१ मध्ये डीस्पेस ७ आलं आणि दोन्ही जुने चेहरे काढून टाकले. पण सगळी ग्रंथालयं लगेच नवीन आवृत्तीवर जात नाहीत. बजेट नसतं, माणूस नसतो. मग तुमच्यासारखा एखादा नवा इंजिनिअर पकडला जातो: "जरा बघ ना, साइट नीट चालत नाहीये."

आणि "नीट चालत नाही" याचा अर्थ काय असतो? कोणीतरी पाच-सहा वर्षं खपून मराठीत प्रबंध लिहिला. तो सर्व्हरवर आहे, पण शोधला तर सापडत नाही. वाचणाऱ्याच्या दृष्टीनं तो लिहिलाच गेला नाही. म्हणून हा भाग.

आधी रचना समजून घेऊ

कोकूनचं मन एका फाइलमध्ये असतं, साइटमॅप. ब्राउझरकडून पत्ता येतो. साइटमॅपमधला मॅचर तो ओळखतो आणि एक पाइपलाइन सुरू होते. पाइपलाइनमध्ये पहिला जनरेटर, तो एक्सएमएल वाचतो. मग एक किंवा अनेक ट्रान्सफॉर्मर, ते बहुतेक वेळा एक्सएसएलटी वापरून त्या एक्सएमएलचं रूप बदलतात. शेवटी सिरियलायझर, तो एचटीएमएल, पीडीएफ किंवा साधं एक्सएमएल बाहेर काढतो. बास, एवढंच.

आता बघा, पाटाचं पाणी शेतात पोचलं नाही तर आपण शेतात उभं राहून विचार करत बसत नाही. पाटाच्या कडेकडेनं चालत जातो आणि पाणी कुठपर्यंत आलंय ते बघतो. कोकूनमध्ये तेच करायचं.

त्यासाठी सोयही आहे. तिला व्ह्यू म्हणतात. साइटमॅपमध्ये कंटेंट नावाचा व्ह्यू लिहिलेला असेल, तर पत्त्याच्या शेवटी कोकून-व्ह्यू हे पॅरामीटर लावून त्याला कंटेंट ही किंमत द्यायची. मग सजावट होण्याआधीचं एक्सएमएल तुमच्यासमोर येतं. तिथे माहिती बरोबर असेल तर दोष पुढे आहे, एक्सएसएलटीमध्ये किंवा सिरियलायझरमध्ये. तिथेच चूक असेल तर पुढचं काही उघडूच नका. एका पायरीत अर्धं काम कमी झालं. फक्त काम झाल्यावर लाइव्ह साइटवर हे व्ह्यू बंद ठेवा. आतली कच्ची माहिती सगळ्यांना दाखवायची गरज नसते.

सुरूच होत नाहीये

पहिली तक्रार हीच असते. आणि बहुतेक वेळा गुन्हेगार असतो जावाचं व्हर्जन. नवीन लॅपटॉपवर नवीन जावा असतो, आणि कोकून २.१ त्या काळातलं आहे जेव्हा जावा १.३ आणि १.४ चालायचे. त्या काळी जावाच्या पोटातलं झालान जुनं असायचं. म्हणून नवीन झालान आणि झर्सेस एन्डॉर्स्ड नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून जावाला सांगायचे, "तुझं नको, हे वापर." जावा ९ मध्ये ही सोयच काढून टाकली. त्यामुळे जुन्या स्टार्ट स्क्रिप्टमध्ये ते सेटिंग असेल तर नवीन जावा सुरू व्हायलाच नकार देतो. उपाय सरळ आहे: ज्या काळातलं सॉफ्टवेअर, त्या काळातला जावा, तोही वेगळ्या मशीनवर किंवा कंटेनरमध्ये. आणि एवढं जुनं सॉफ्टवेअर थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका.

दुसरी गंमत म्हणजे लॅपटॉपवर सगळं चालतं, पण सर्व्हरवर चित्रं आणि आलेख येत नाहीत. लॉगमध्ये डिस्प्ले किंवा एक्स-इलेव्हन असा काहीतरी शब्द दिसतो. सर्व्हरला स्क्रीन नसते, आणि एसव्हीजीचं चित्र बनवणारी लायब्ररी स्क्रीन शोधत असते. जावाला हेडलेस मोडमध्ये सुरू करा, प्रश्न मिटतो.

तिसरं. पान उघडायला एक-दोन मिनिटं लागतात, किंवा होस्ट सापडत नाही अशी एरर येते. एक्सएमएल फाइलच्या वरती डीटीडीचा पत्ता असतो आणि तो असतो डब्ल्यूथ्रीसीच्या सर्व्हरवरचा. पार्सर प्रत्येक वेळी तिथे जाऊन फाइल आणायला बघतो. जगभरातले प्रोग्रॅम हेच करत होते. २००८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीनं जाहीरपणे सांगितलं की अशा फाइलींसाठी त्यांच्याकडे दिवसाला १३ कोटींपर्यंत रिक्वेस्ट येतात. त्यामुळे ते अशा रिक्वेस्टना मुद्दाम उशीर लावतात किंवा नकार देतात. तुमचा सर्व्हर फायरवॉलमागे असेल तर तो तिथपर्यंत पोचतच नाही. उपाय म्हणजे कॅटलॉग. डीटीडीची प्रत आपल्याच सर्व्हरवर ठेवायची आणि कॅटलॉगमध्ये तिचा पत्ता लिहायचा.

सुरू झालं, पण पान चुकीचं येतंय

"नो पाइपलाइन मॅच्ड" अशी एरर आली की घाबरू नका. कोकून म्हणतंय, "तू मागितलेला पत्ता मला ओळखता आला नाही." इथे दोन गोष्टी तपासा. एक, स्टार आणि डबल स्टारमधला फरक. एक स्टार तिरप्या रेघेपाशी थांबतो, डबल स्टार ती ओलांडून पुढे जातो. दोन, क्रम. साइटमॅप वरून खाली वाचला जातो आणि पहिला जुळेल तोच चालतो. वरतीच कोणी डबल स्टार लिहून ठेवला असेल, तर खालच्या ओळींची पाळी कधी येतच नाही. अशा वेळी एररही येत नाही, भलतंच पान येतं.

पुढचं लक्षण. पानावर मजकूर सगळा आला, पण शीर्षक, परिच्छेद, रंग काहीच नाही, सगळा एकाला एक चिकटलेला. याचं कारण जवळजवळ नेहमी नेमस्पेस असतं. तुमच्या एक्सएमएलमध्ये परिच्छेदाचा टॅग एका नेमस्पेसमध्ये आहे, आणि एक्सएसएलटीमध्ये तुम्ही नुसतंच टॅगचं नाव लिहिलंय. दिसायला दोन्ही सारखे, पण प्रोसेसरला ती दोन वेगळ्या घराण्यांतली माणसं. टेम्प्लेट जुळत नाही, मग एक्सएसएलटीचा मूळ नियम लागू होतो: टॅग सोडून द्या, आतला मजकूर तेवढा छापा. एक्सएसएलटीमध्ये तो नेमस्पेस जाहीर करा आणि प्रिफिक्स लावून मॅच करा.

उलट लक्षण म्हणजे पान पूर्ण कोरं, पण व्ह्यू सोर्स केलं तर मजकूर आहे. तेव्हा स्क्रिप्ट टॅग बघा. एक्सएमएलच्या नियमाप्रमाणे रिकामा टॅग स्वतःमध्येच बंद करता येतो, आणि एक्सएमएल सिरियलायझर तसं करतो. पण ब्राउझर ते पान एचटीएमएल म्हणून वाचत असेल, तर त्याला वाटतं की स्क्रिप्ट अजून बंद झालेलीच नाही. खालचं सगळं पान तो स्क्रिप्ट समजून गिळून टाकतो. एचटीएमएल सिरियलायझर वापरा, किंवा त्या टॅगमध्ये काहीतरी मजकूर राहील असं बघा.

आणि हो, एनबीएसपी! एचटीएमएलची सवय असते म्हणून आपण लिहितो, आणि एक्सएमएल पार्सर म्हणतो, हे एन्टिटी मला माहीत नाही. एक्सएमएलला जन्मतः फक्त पाच एन्टिटी माहीत असतात. त्या जागेवर १६० नंबरचा कॅरेक्टर कोड वापरा. तसंच "प्रोलॉगमध्ये मजकूर चालत नाही" अशी एरर आली तर फाइलच्या अगदी पहिल्या अक्षराआधी काय आहे ते बघा. बहुधा न दिसणारी बीओएम खूण सापडेल.

आता मराठीचा प्रश्न

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. अशी तक्रार येते: इंग्रजी स्पेलिंगनं शोधलं तर प्रबंध मिळतो, देवनागरीत "तुकाराम" टाइप केलं की शून्य. लोक म्हणतात, सर्च इंजिनला मराठी येत नाही. तसं नसतं हो. प्रश्न सर्च इंजिनपर्यंत पोचेपर्यंतच मोडलेला असतो.

युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं. ब्राउझर ते तीन बाइट बरोबर पाठवतो. टॉमकॅट ७ आणि त्याआधीचे टॉमकॅट पत्त्यातले बाइट डिफॉल्टनं आयएसओ-८८५९-१ समजून वाचतात, म्हणजे एका बाइटला एक युरोपियन अक्षर. मग एका "त"ची तीन परकी अक्षरं होतात आणि सर्च इंजिन ती शोधत बसतं. टॉमकॅट ८ पासून डिफॉल्ट युटीएफ-८ झालं. जुन्यात सर्व्हर डॉट एक्सएमएलमधल्या कनेक्टरला युआरआय-एन्कोडिंग सांगावं लागतं.

पण थांबा. कोकूनमध्येही दोन सेटिंग असतात. २.१ मध्ये ती वेब डॉट एक्सएमएलमध्ये मिळतील: कंटेनर-एन्कोडिंग आणि फॉर्म-एन्कोडिंग. पहिलं सांगतं की टॉमकॅटनं अक्षरं कशी वाचली, दुसरं सांगतं की ती खरी कोणती आहेत. दोन्ही वेगवेगळी असतील तर कोकून स्वतः दुरुस्ती करतं. आता तुम्ही टॉमकॅट सुधारला, पण कोकूनला सांगितलंच नाही, तर कोकून आधीच बरोबर असलेली अक्षरं पुन्हा "दुरुस्त" करतं आणि सगळी प्रश्नचिन्हं होतात.

म्हणून कचरा नीट बघा, कचराच उत्तर सांगतो. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए आणि त्याच्या शेजारी येनचं किंवा चलनाचं गोल चिन्ह, असं पुन्हा पुन्हा दिसतंय? मग रूपांतर झालेलंच नाही. ओळीनं प्रश्नचिन्हं? मग बहुधा एक रूपांतर जास्त झालं आणि मूळ अक्षर हरवलं. रिकामे चौकोन? मग अक्षरं शाबूत आहेत, त्या मशीनवर फॉन्ट नाही. तीन लक्षणं, तीन वेगळे उपाय.

पीडीएफचं दुखणं वेगळं. कोकून पीडीएफसाठी एफओपी वापरतं. अक्षरांच्या जागी हॅशची चिन्हं आली तर फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. देवनागरी फॉन्ट जोडा. तो जोडल्यावरही "शिंदे"मधली पहिली वेलांटी "श"च्या नंतर येते आणि जोडाक्षरं सुटी होतात, कारण जुन्या एफओपीला आपल्या लिपीची जुळणी येतच नव्हती. ती सोय २०१२ मध्ये एफओपी १.१ मध्ये आली. तिथे सेटिंगशी झगडण्यात रात्र घालवू नका, एफओपीच बदला. प्रमाणपत्रावर माणसाचं नाव मोडकं छापलं जाणं ही छोटी गोष्ट नाहीये.

बदल केला, तरी जुनंच दिसतंय

हे कॅशिंग. मूळ फाइल बदलली की नाही हे कोकून स्वतः बघतं. पण एक्सएसएलटीमधल्या डॉक्युमेंट फंक्शननं दुसरी फाइल वाचली असेल, तर तिच्यावर त्याची नजर नसते. ती फाइल बदलली तरी जुनंच पान येतं. तपासणीपुरती ती पाइपलाइन नॉन-कॅशिंग करा. नवीन मजकूर दिसला तर निदान पक्कं. मग ती फाइल एक्सइन्क्लूडनं जोडा.

तर मंडळी, क्रम लक्षात ठेवा. आधी पूर्ण बॅकअप. मग लॉग वाचा, वेब-इन्फमधल्या लॉग्स फोल्डरमध्ये असतात, आणि एररच्या लांबलचक यादीत सगळ्यात खालचं "कॉज्ड बाय" आधी वाचा. मग पाटाच्या कडेनं चालत जा. आणि एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले आणि साइट चालली, तर कशामुळे चालली ते तुम्हालाही कळणार नाही, आणि तुमच्यानंतर येणाऱ्यालाही.

शेवटी जे काही बदललंत ते एका कागदावर मराठीत लिहून ग्रंथालयातल्या माणसाच्या हातात द्या. नवीन आवृत्तीवर जायचा दिवस येईल तेव्हा तो कागद लागेल. तोपर्यंत "तुकाराम" टाइप केल्यावर तुकाराम सापडायला हवा, एवढंच आपलं काम.

तुमच्याकडे असं एखादं जुनं सॉफ्टवेअर गळ्यात पडलं असेल तर जरूर कळवा, त्यावरही बोलू. पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या, आणि बॅकअप घ्या!