रुसवा, वर्गणी आणि परतणे
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



मी सरकारी कर्मचारी, शिक्षण डिप्लोमापर्यंतचं. जगाच्या राजकारणावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण युनेस्कोची हकिगत वाचताना मला सारखं आपलं मंडळ आठवत होतं, म्हणून चार शब्द.

शिक्षण, विज्ञान आणि संस्कृती यांसाठी १९४५ साली अनेक देशांनी मिळून युनेस्को स्थापन केली. तिचं काम आपल्यापासून लांब नाही. आपलं मांडू १९९८ पासून तिच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना तर जुलै २०२५ मध्ये वारशाचा दर्जाही मिळाला.

या संस्थेची सर्वांत मोठी वर्गणीदार अमेरिका. कारभार पटला नाही म्हणून १९८४ अखेर ती बाहेर पडली, २००३ मध्ये परतली. २०११ मध्ये पॅलेस्टाइनला सदस्य करून घेतलं, तेव्हा तिने वर्गणी थांबवली. ही वर्गणी संस्थेच्या खर्चाच्या सुमारे २२ टक्के होती. २०१८ अखेर ती पुन्हा बाहेर गेली. जुलै २०२३ मध्ये परत आली, तेव्हा १३२ देशांनी तिच्या बाजूने मत दिलं, १० देशांनी विरोधात. सुमारे ६१.९ कोटी डॉलरची थकबाकी हळूहळू फेडायचं ठरलं. आणि जुलै २०२५ मध्ये तिने पुन्हा जाहीर केलं की २०२६ अखेर आम्ही निघणार!

आपल्याला हसू येतं. पण पाहा, १९९९ मध्ये बांगलादेशाच्या सूचनेवरून युनेस्कोने २१ फेब्रुवारी हा मातृभाषा दिन ठरवला, तेव्हा अमेरिका बाहेर होती. संस्था थांबली नाही. पैशांची ओढाताण झाली, पण काम चाललं. बाहेर बसलेल्याला मात्र मत उरलं नाही.

आता माझं सांगतो. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या मुलीचं नाव राहून गेलं, म्हणून मी दोन वर्षं इकडे फिरकलो नाही, वर्गणीही दिली नाही. गणपती बसला, आरत्या झाल्या, कुणाचं काही अडलं नाही. अडलं माझ्याच घरी. एका संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, मला आरती अर्धीच येते." शाळेत हिंदी, बाजारात निमाडी. मराठी कानावर पडायची ती इथेच, आणि ते दार मीच लावून घेतलं होतं.

परत आलो, तेव्हा कुणी मत घेतलं नाही. खजिनदार काकांनी तीन वर्षांच्या पावत्या फाडल्या आणि ताट हातात दिलं.

पवारांच्या मागून माळव्यात आलेली आपली घरं. गंधवानीत तर मोजकीच. कुणी रुसलं असेल, तर त्यांच्या घरी यंदा आपणच जाऊ. आणि रुसलेल्यांना माझं सांगणं एवढंच, तक्रार आत येऊन करा. थकबाकीचं नंतर बघू.

गणपती बाप्पा मोरया!