नव्वदच्या आत: हँडिकॅप, हिशोब आणि मी उचललेले पट

इअरफोन लावलेत ना? आज जरा वेगळा विषय आहे. गोल्फ. थांबा, लगेच पुढच्या एपिसोडवर जाऊ नका. "हा श्रीमंतांचा खेळ, आपला काय संबंध" असं मलाही वाटायचं. आणि तो स्वस्त नाही हे खरंच आहे, त्यावर मी खोटं बोलणार नाही. पण आजची गोष्ट पैशांची नाहीये. हिशोबाची आहे. मी स्वतःलाच कसं फसवत होतो आणि ते कळल्यावर काय केलं, याची.

माझी सुरुवात झाली 7 ऑगस्ट 2021 ला. शनिवार होता. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक शेवटचा राउंड खेळत होती आणि अख्खा देश सकाळी सकाळी उठून, नियम माहीत नसताना, गोल्फ बघत होता. ती चौथी आली. ब्राँझ एका फटक्याने गेलं. चार दिवस, 72 होल, आणि फरक फक्त एका फटक्याचा! संध्याकाळी नीरज चोप्राने गोल्ड मारलं आणि सगळे सकाळचं विसरले. मी नाही विसरलो. पुढे कंपनीतले एक सिनिअर मला पुण्यातल्या एका ड्रायव्हिंग रेंजवर घेऊन गेले, आणि मग काय, लागलं वेड.

आता ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. 18 होल असतात. प्रत्येक होलला एक पार ठरलेला असतो, म्हणजे चांगल्या खेळाडूला किती फटके लागावेत ते. बहुतेक कोर्सवर एकूण पार 70 ते 72. पारपेक्षा एक फटका जास्त लागला तर बोगी, दोन जास्त लागले तर डबल बोगी. पार 72 असेल आणि तुम्ही प्रत्येक होलला बोगी केली, तर स्कोअर 90. म्हणून आमच्यासारख्या हौशी लोकांचं पहिलं मोठं स्वप्न असतं, "नव्वदच्या आत". म्हणजे 89. सतरा बोगी आणि एक पार. ऐकायला किती सोपं वाटतं ना?

आणि हँडिकॅप म्हणजे काय? 2020 पासून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम आली. तुमचे शेवटचे 20 राउंड घेतात, त्यातले सगळ्यात चांगले 8 निवडतात आणि त्यांची सरासरी काढतात. पण नुसत्या स्कोअरची नाही, कारण कोर्स सोपा-अवघड असतो. प्रत्येक कोर्सला एक कोर्स रेटिंग आणि एक स्लोप असतो. स्कोअरमधून कोर्स रेटिंग वजा करायचं, 113 ने गुणायचं, स्लोपने भागायचं. समजा रेटिंग 70.2, स्लोप 124 आणि तुम्ही 95 मारले. 24.8 गुणिले 113 भागिले 124, म्हणजे 22.6. याला डिफरन्शियल म्हणतात. तोच राउंड 90 चा असता तर 18.0.

मी प्रोग्रामर माणूस. मला हे बघून फार आनंद झाला. फॉर्म्युला आहे, डेटा आहे, ग्राफ काढता येतो. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. फॉर्म्युला कितीही हुशार असला तरी इनपुट कोण भरतंय? मी.

तर गेल्या वर्षी, दिवाळीच्या आधी, मी 89 मारले. स्कोअरकार्डचा फोटो काढला, स्टोरी टाकली, अभिनंदनाचे मेसेज आले. आमच्या चौघांच्या ग्रुपला मी जेवण दिलं. माझा हँडिकॅप इंडेक्स तेव्हा 18.4 होता. ऑफिसात कोणी विचारलं की मी "अठराचा आहे" असं सहज सांगायचो.

आता इथे कॅडीकाकांची ओळख करून देतो. नाव सांगत नाही, काकाच म्हणूया. वय पन्नाशीच्या पुढे, लहानपणापासून कोर्सवर बॅगा उचलतायत. सोमवारी कोर्स मेंबर लोकांसाठी बंद असतो, तेव्हा कॅडींना खेळायला मिळतं. एका सोमवारी मी सुट्टी होती म्हणून बघायला गेलो. काकांच्या बॅगेत, म्हणजे बॅग पण नाही, हातात सहा क्लब. सहाही वेगवेगळ्या कंपन्यांचे, कोणीतरी टाकून दिलेले. एका क्लबच्या ग्रिपला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. काकांनी 78 मारले. माझ्याकडे पूर्ण 14 क्लब, सगळ्याचे हप्ते चालू.

मी म्हटलं, "काका, मला तर 89 ला पार्टी द्यावी लागली."

काका गप्प. मग म्हणाले, "साहेब, राग मानू नका. त्या दिवशी चौऱ्याण्णव होते."

मी म्हटलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही. मी आपला मोजत असतो. सवय आहे."

खरं सांगू? पहिल्यांदा रागच आला. घरी येताना मनातल्या मनात वाद घातला. आणि मग एकेक होल आठवत गेलो. पहिल्या टीवर बॉल झाडीत गेला, मित्र म्हणाला "सकाळचा पहिला आहे, परत मार." तो मोजला नाही. त्याला मलिगन म्हणतात, आणि नियमात मलिगन नावाची गोष्टच नाहीये. तीन ठिकाणी पट तीन-चार फुटांवर राहिला, ग्रुपमधून आवाज आला "दिला, दिला, उचल." उचलला आणि एक धरला. पण स्ट्रोक प्लेमध्ये पट दिला-घेतला जात नाही, बॉल होलमध्ये घालावाच लागतो. आणि एकदा बॉल ओबी, म्हणजे कोर्सच्या हद्दीबाहेर गेला होता. नियम काय? एक फटका पेनल्टी आणि परत मूळ जागेवरून मारायचं. मी पेनल्टी धरलीच नव्हती. तीन पट सुटलेच असते असं नाही, पण काकांच्या मते दोन आरामात पडत होते, तिसरा "तुमच्याने पडला नसता, तिथून अजून दोन लागले असते."

म्हणजे मुद्दाम ठरवून कोणी खोटं बोललं नव्हतं. मित्र चांगलेच आहेत. आपण एकमेकांना सूट देत होतो, आणि ती सूट माझ्या फॉर्म्युल्यात जात होती. मी ग्राफ कशाचा काढत होतो? मित्रांच्या चांगुलपणाचा!

तर दिवाळीनंतर ठरवलं. प्रत्येक फटका मोजायचा, प्रत्येक पट घालायचा, आणि राउंड संपला की काकांना विचारायचं, "किती?" माझा आणि त्यांचा आकडा जुळला तरच स्कोअर टाकायचा.

काय झालं असेल? इंडेक्स 18.4 वरून चढत चढत 22.6 ला गेला. खरं तर अजून वर गेला असता, पण वर्षभरातल्या सगळ्यात कमी इंडेक्सपेक्षा 3 ने जास्त वाढ झाली की पुढची वाढ निम्मीच धरतात. म्हणजे सिस्टीमलाच माझी दया आली. आणि मंडळी, जिममध्ये जाऊन वजन वाढल्यावर कसं वाटेल, तसं वाटत होतं. मी प्रॅक्टिस करतोय आणि नंबर वाईट होतोय. एकदा तर वाटलं, सोडून द्यावं, जुनं काय वाईट होतं, कोणाला कळणार होतं?

पण एक फायदा झाला. पहिल्यांदाच माझ्याकडे खरा डेटा होता.

पहिल्या दहा राउंडची सरासरी 99 आली. मग प्रत्येक राउंडमध्ये फुकट गेलेले फटके वेगळे लिहिले. ओबी आणि पाण्यामुळे दहा राउंडमध्ये 31 फटके. तीन पट लागलेली होल 37. आणि ग्रीनच्या अगदी कडेवरून चिप मारून बॉल ग्रीनवर न पोहोचणं, 24 वेळा. बेरीज 92. म्हणजे राउंडला नऊ. 99 मधून नऊ गेले की 90. एकही अफलातून शॉट न शिकता!

आता मी लगेच निष्कर्ष काढला की पटिंग खराब आहे, नवीन पटर घेऊया. बग दिसला की आपण पहिल्यांदा ज्या ओळीवर एरर आली तीच बदलतो ना, तसं. पण कोलंबिया बिझनेस स्कूलचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी या विषयावर खूप काम केलंय. स्ट्रोक्स गेन्ड म्हणतात त्याला. प्रत्येक फटक्याआधी आणि फटक्यानंतर होल संपवायला सरासरी किती फटके लागतील, त्यावरून त्या एका फटक्याची किंमत काढायची. पीजीए टूरने 2011 पासून पटिंगसाठी हे वापरायला सुरुवात केली. ब्रॉडी यांचा निष्कर्ष असा की चांगला खेळाडू आणि साधा खेळाडू यांच्यातला साधारण दोन तृतीयांश फरक 100 यार्डांच्या पलीकडून मारलेल्या फटक्यांमुळे पडतो. पटिंगचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी. आणि हो, आठ फुटांवरून टूरवरचे प्रोसुद्धा साधारण निम्मेच पट घालतात. त्यामुळे सहा फुटांचा चुकला म्हणून पटर आपटू नका.

मग मी परत डेटात गेलो. त्या 37 होलवर पहिला पट किती लांबून होता? 26 वेळा तीस फुटांपेक्षा जास्त. म्हणजे बग पटिंगमध्ये नव्हताच, त्याच्या आधीच्या फटक्यात होता. मी झेंड्यावर नेम धरत होतो, क्लब एक कमी घेत होतो, आणि बॉल ग्रीनच्या पुढच्या कडेला थांबत होता.

तर काय बदललं? चारच गोष्टी.

एक, अरुंद होलवर ड्रायव्हर बाहेर काढायचा नाही. हायब्रिड. तीस-चाळीस यार्ड कमी जातात, जाऊ देत, बॉल खेळात तर राहतो.

दोन, झेंडा विसरायचा. ग्रीनच्या मध्यावर नेम, आणि क्लब एक नंबर मोठा. माझा आयुष्यातला बेस्ट 7-आयर्न किती गेला होता हे महत्त्वाचं नाही, नेहमी किती जातो ते महत्त्वाचं.

तीन, चिप. मी यूट्यूब बघून 60 डिग्रीच्या वेजने बॉल उंच उडवायचो. काका एकदा म्हणाले, "मध्ये पाणी नाही, बंकर नाही, मग उडवता कशाला? सरपटत जाऊ द्या ना." तेव्हापासून 8-आयर्न, पट मारल्यासारखा छोटा फटका. बॉल थोडा उडतो आणि बाकी पळतो.

चार, लांबच्या पटचा सराव. दहा, वीस, तीस पावलांवरून तीन-तीन बॉल. घालायचे नाहीत, फक्त होलच्या तीन फुटांत थांबवायचे. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं. घरी गालिच्यावर तीन फुटांचे, तेवढेच.

सगळं काही झटक्यात झालं नाही. मार्चमध्ये एकदा 103 मारले, ते पण टाकले. पण हळूहळू 96, 94, 95, 92 असे आकडे यायला लागले. आज इंडेक्स 19.8 आहे. जुन्या 18.4 पेक्षा अजूनही जास्तच! पण हा माझा आहे.

आणि आता मागच्या महिन्याची गोष्ट. पाऊस सुरू झालेला, फेअरवे ओलं, बॉल पळत नाही, आणि तरी दिवस चांगला चालला होता. अठराव्या होलवर आलो तेव्हा मला बोगी हवी होती. पाच मारले की 89. खरे 89. चौथ्या फटक्यानंतर बॉल होलपासून चार फुटांवर.

मित्र म्हणाला, "अरे दिला! उचल, झालं तुझं!" तो मनापासून म्हणत होता, त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

बॉबी जोन्सची गोष्ट तुम्हाला माहितीये का? शेवटपर्यंत अमॅच्युअर राहिलेला खेळाडू. 1925 च्या यूएस ओपनमध्ये रफमध्ये त्याचा बॉल किंचित हलला. कोणी पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःवर एक फटका पेनल्टी लावून घेतली. शेवटी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. मी काही बॉबी जोन्स नाही, आणि उचलला असता तर माझं कोणी काही बिघडवणार नव्हतं. पण काका झेंडा धरून उभे होते. काही बोलत नव्हते.

मी पट मारला. होलच्या डाव्या कडेला लागला, वळला, बाहेर.

सहा इंचांचा घातला. काकांकडे बघितलं.

"किती?"

"नव्वद."

"माझे पण नव्वद."

"मग टाका," काका म्हणाले, आणि पटर पुसून बॅगेत ठेवला. जाताना एवढंच म्हणाले, "पट जरा घाईत मारलात. पुढच्या शनिवारी लवकर या, तेवढाच मारू."

तर मंडळी, 89 ची स्टोरी अजून टाकलेली नाही. जुनी काढून टाकली. त्या वेळच्या जेवणाचे पैसे मात्र मित्र परत देत नाहीत!

तुमचा खेळ गोल्फ नसेल. धावण्याचं अ‍ॅप असेल, अभ्यासाचे तास असतील, महिन्याचा खर्च असेल. एकच सांगतो, महिनाभर खरं लिहून बघा. आकडा आधी वाईट होईल, त्याला घाबरू नका. आणि तुमच्या आजूबाजूला गप्प राहून मोजणारा कोणी असेल, तर त्याला एकदा विचारा, किती झाले? एपिसोड आवडला तर मित्राला पाठवा, विशेषतः "दिला, दिला" म्हणणाऱ्या मित्राला. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!