दमणचे बंदर आणि आपली विवेकबुद्धी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकार पोर्तुगीजांच्या दमण बंदरास चोरट्या व्यापाराचा दोष देई. तो खोटा नव्हता. मुंबईची जकात चुकवून माळव्याची अफू उंटांवरून कराचीस, तेथून गलबतांनी दमणास व पुढे चीनला जाई. १८४३ साली सिंध इंग्रजांच्या हाती गेला आणि ती वाट बंद झाली. परंतु दोष देणारी कंपनी स्वतः कलकत्त्यास अफूचा लिलाव करी, आणि तोही माल चीनची बंदी मोडूनच तेथे उतरे! तंटा झाला तो जकातीचा. त्यात व्यसनाने बुडालेल्या चिनी घरांचा हिशेब नव्हता. आपण सरकारचे देणे चोख देण्याचा निश्चय करू या. परंतु ज्या मिळकतीने शेजाऱ्याचे घर बुडते, ती सरकारी शिक्क्याची असली तरी निषिद्धच मानू या.