मांजराच्या पिलांचे जंत



किनवटकडे सुगी संपली की घरोघर ज्वारीची पोती येतात. पोत्यांमागून उंदीर येतात. म्हणून घराला मांजर हवंच. पण कधी मांजरी मरते आणि पिलं उघडी पडतात. कुणी दयाळू बाई ती उचलून आणते, दूध पाजते. तरी पिलं वाळतच जातात. पोट तेवढं मडक्यासारखं फुगतं. केस राठ होतात. एखाद्या दिवशी पिलू ओकतं आणि ओकारीत शेवयांसारखे पांढरे जंत दिसतात. शेजारीण म्हणते, दृष्ट लागली.

दृष्ट नव्हे. हे जंत आईच्या दुधातून येतात. मांजरीच्या अंगात जंतांच्या बारीक अळ्या दडून असतात. ती व्याली की त्या दुधात उतरतात. म्हणून सापडलेल्या पिलाला जंत आहेत, असंच धरून चालावं.

आता औषध. सन २०१५ मध्ये सरकारने १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला. अंगणवाडीत, शाळेत मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. तीच मोडून पिलाला द्यावी, असं कुणाच्याही मनात येईल. देऊ नका, बरं का! दोन वर्षांचं मूल दहा-बारा किलोचं. तीन आठवड्यांचं पिलू तीनशे-चारशे ग्रॅमचं. शिवाय हाडांतल्या मगजात रक्त तयार होतं, आणि ती गोळी मांजराच्या त्या मगजालाच अपाय करू शकते. तंबाखूचं पाणी, रॉकेल तर नकोच नको.

पिलू किराणा दुकानाच्या तराजूत तोलावं आणि जनावरांच्या दवाखान्यात न्यावं. पायरँटेल नावाचं पातळ औषध असतं. डॉक्टर वजनाप्रमाणे ते देतात. पण एकदा देऊन भागत नाही, आणि लोक इथेच चुकतात. औषध आतड्यातले जंत काढतं. अंगात फिरणाऱ्या अळ्यांना ते लागत नाही. त्या मागाहून आतड्यात येऊन मोठ्या होतात. म्हणून पिलू तीन आठवड्यांचं झालं की दर पंधरा दिवसांनी औषध द्यावं. दूध सुटल्यावरही पंधरा दिवसांनी एकदा द्यावं. पंधरा दिवस म्हणजे दोन बाजार, असं ध्यानात ठेवा. आई जिवंत असेल तर तिलाही त्याच दिवशी औषध हवं.

शेपटीखाली काकडीच्या बीसारखे तुकडे चिकटलेले दिसले तर तो चपटा जंत. तो पिसवांतून येतो. त्याचं औषध वेगळं, आणि पिसवाही काढाव्या लागतात. हगवणीत रक्त दिसलं तर मात्र बाजाराची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आपल्या मुलांचंही सांगतो. पिलाच्या विष्ठेत जंतांची अंडी असतात. ती ताजी असताना बाधत नाहीत. मातीत काही आठवडे राहिली की पिकतात. मातीचे हात तोंडात गेले की ती मुलाच्या पोटात जातात. क्वचित अळी डोळ्यात जाऊन नजरही बिघडते. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलून खोल पुरावी, पण मुलांच्या खेळण्याच्या अंगणात किंवा भाजीच्या वाफ्यात नव्हे.