मनगटाखालची उशी



कवीला दुखणं असेल तर ते काळजाचं, हाताचं कसलं, असं आमचे मित्र थट्टेनं म्हणतात. मला मात्र हाताच्याच दुखण्यानं हैराण केलं. दिवसभर कचेरीत संगणकावर नोंदी करायच्या आणि रात्री जुन्या वह्यांतल्या कविता संगणकावर उतरवायच्या. उजवा हात सतत माऊसवर. पन्नाशी उलटली तरी हाताचा कधी विचार केला नव्हता.

मग रात्री-अपरात्री जाग येऊ लागली. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर, मुंग्या आलेली. हात झटकला की बरं वाटे. एके सकाळी चहाचा कप हातातून निसटला. अम्मीनं फुटके तुकडे गोळा केले आणि एवढंच म्हणाली, "हात सांभाळ बेटा. घर आणि शायरी, दोन्ही त्यावरच चालतात."

पण मी आधी दवाखान्यात नाही, दुकानात गेलो. मनगटाखाली मऊ जेलचा उंचवटा असलेला माऊसपॅड आणला. पहिले चार दिवस आराम वाटला, कारण टेबलाची धारदार कड मनगटात रुतायची थांबली होती. आठवड्याभरात दुखणं पुन्हा हजर, तेही वाढून. तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं.

बाईंनी मला खुर्चीत बसवून माऊस चालवायला लावला आणि हसल्या. म्हणाल्या, "काका, उशी विसाव्यासाठी असते. तुम्ही तर तिच्यावर सगळा भार टाकून काम करताय." मग त्यांनी समजावलं. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. खाली हाडं, वर जाड पट्टा. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक मज्जातंतू जातो. मनगट वाकडं राहिलं किंवा खालून सतत दाबलं गेलं, की बोगद्यातला दाब वाढतो आणि तो मज्जातंतू चेपला जातो. याला 'कार्पल टनेल' म्हणतात. यात करंगळी सहसा वाचते, कारण तिचा मज्जातंतू दुसऱ्या वाटेनं जातो. माझी करंगळी शाबूत का, हे कोडं तिथं सुटलं.

सगळं खापर माऊसवर फोडणंही बरोबर नाही. मधुमेह, थायरॉइडचा विकार, संधिवात, गरोदरपण यांतही हे दुखणं होतं. बाईंनी म्हणूनच आधी साखर तपासून घ्यायला सांगितलं.

अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला माऊस केला, तेव्हा तो चाकं लावलेला लाकडी ठोकळा होता. तो ठोकळा पुढं कोट्यवधी लोकांच्या हाताखाली रोज तासन् तास राहील, याची तेव्हा कुणाला कल्पना असेल?

आता मी काय करतो ते सांगतो. माऊस कीबोर्डला खेटून ठेवतो, म्हणजे हात लांबवावा लागत नाही. कोपर टेबलाच्या उंचीला आणतो. माऊस मनगटानं नव्हे, कोपरापासून अख्ख्या हातानं फिरवतो आणि हलक्या हातानं धरतो. अर्ध्या तासानं उठतो. उशीवर हात टेकतो तो फक्त थांबल्यावर, आणि तोही मनगट नाही, तळव्याची टाच. काही आठवडे रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधला, कारण झोपेत मनगट नकळत दुमडतं.

तो जेलचा माऊसपॅड माझ्या टेबलाला उंच पडत होता, मनगट वर वाकायचं. अम्मीनं मग जुन्या ओढणीच्या तुकड्याची एक बुटकी, लांबट उशी शिवली आणि आत मोहरी भरली. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली ठेवतात तशी. मोहरीचे दाणे हाताप्रमाणे सरकतात. बाईंनी ती दाबून पाहिली, माझं मनगट सरळ राहतंय ना ते बघितलं आणि म्हणाल्या, "चालेल." दुकानातलीच उशी हवी असं काही नाही, तिची उंची तुमच्या हाताला जुळली पाहिजे.

एक विनंती मात्र आहे. बोटं वारंवार बधिर होत असतील, वस्तू हातातून सुटत असतील, तर उशीच्या भरवशावर दिवस काढू नका. फार उशीर झाला तर अंगठ्याच्या बुडाचा स्नायू वाळतो आणि गेलेली ताकद पुरती परत येईलच असं नाही. कचेरीत दुखणं सांगायला आपण लाजतो. मीही लाजलो आणि त्यात कित्येक महिने वाया गेले.

आता रात्री झोप लागते. वह्यांतल्या कविता अजून बऱ्याच उरल्या आहेत. पूर्वी रात्रीत दहा उतरवत होतो, आता दोन. सकाळचा चहाचा कप मात्र हातात नीट राहतो आणि अम्मी तिकडे रोज बघते.