परकें इंजिन आणि चांद्याचें रान

चंद्रपुराहून मोहर्लीच्या वाटेनें ताडोब्याच्या अरण्याकडे निघालेल्या प्रवाशास वाघाच्या राज्यापूर्वीं कोळशाचें राज्य ओलांडावें लागतें. दुर्गापूर आणि पद्मापूर येथील उघड्या खाणींतून माती व कोळसा वाहून नेणारे प्रचंड डंपर तेथें फिरत असतात. असे डंपर बांधणारा भारतांतील एक मोठा कारखाना बंगलोरचा. ‘भारत अर्थ मूव्हर्स’ या नांवानें तो १९६४ सालीं निघाला. त्याच्या अनेक डंपरांत जें इंजिन धडधडत असतें, त्यावर मात्र ‘कमिन्स’ हें परकें नांव आढळतें. तें या देशांत आलें कसें आणि साठांहून अधिक वर्षें टिकलें कसें, ही हकीकत विचार करण्याजोगी आहे.

अमेरिकेंतील इंडियाना राज्यांत कोलंबस नांवाचें एक लहान शहर आहे. क्लेसी कमिन्स या कल्पक यंत्रज्ञानें एका पेढीवाल्याच्या भांडवलावर १९१९ सालीं तेथें इंजिनांची कंपनी काढली. डिझेल इंजिनांत ठिणगीची योजना नसते. हवा इतक्या जोरानें दाबली जाते कीं ती स्वतःच तप्त होते, आणि तींत फवारलेलें तेल आपोआप पेट घेतें. तत्त्व सोपें, पण घडण कठीण. तेलाचा फवारा सोडणारे भाग केसाच्या जाडीहूनहि सूक्ष्म मापानें जुळावे लागतात. तेथें चूक झाली कीं शक्ति घटते आणि धूर वाढतो.

१९६२ सालीं ही कंपनी पुण्यास आली, पण एकटी आली नाहीं. पुण्यांत किर्लोस्करांचा तेलइंजिनांचा कारखाना १९४६ सालींच निघाला होता. शंतनुराव किर्लोस्कर यांच्या उद्योगसमूहाशीं भागी करून तिनें ‘किर्लोस्कर कमिन्स’ उभारली. निम्मा भाग अमेरिकन कंपनीचा, उरलेला किर्लोस्करांचा व भारतीय भागधारकांचा. परकीय चलनाची त्या काळीं मोठी टंचाई होती. प्रत्येक सुटा भाग परदेशांतून मागवीत बसणें शक्य नव्हतें. ते भाग येथेंच घडवावे लागले, आणि त्यासाठीं येथील ओतशाळांना, यंत्रशाळांना व कारागिरांना तें सूक्ष्म माप शिकवावें लागलें. व्यापारासाठीं आलेल्या कंपनीस अशा रीतीनें शिक्षकाची भूमिका घ्यावी लागली. तिच्या दीर्घ वास्तव्याचें मर्म येथें आहे.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानें परदेशी कंपन्यांच्या भागभांडवलावर सर्वसाधारणपणें ४० टक्क्यांची मर्यादा घातली. कोका-कोला १९७७ सालीं देश सोडून गेली, आयबीएम १९७८ सालीं गेली. कोथरूडचा कारखाना चालूच राहिला. ज्याचें काम स्थानिक हातांत रुजलें आहे, त्याला उपटणें कोणासच परवडत नसतें. पुढें १९९७ सालीं किर्लोस्करांचा भाग अमेरिकन कंपनीनें विकत घेतला, आणि मग कारखान्याच्या नांवांतूनहि किर्लोस्कर गेले. मालकी परक्या हातीं गेली ही गोष्ट लहान नव्हे. परंतु कारागिरांच्या हातीं आलेली विद्या त्या व्यवहारांत परत करतां येत नव्हती. महर्षि कर्वे स्त्रीशिक्षण संस्था १९९१ पासून पुण्यास मुलींचें जें अभियांत्रिकी महाविद्यालय चालविते, त्यालाहि याच कंपनीचें नांव आहे.

हा झाला पुण्याचा जमाखर्च. चंद्रपुराचा जमाखर्च निराळा आहे. कारखाना निघाला तेव्हां ज्याला चांदा म्हणत, तो हा जिल्हा कोळसा देतो. त्याचें २९२० मेगावॅट शक्तीचें औष्णिक विद्युत्केंद्र महाराष्ट्रास वीज देतें, आणि मुंबई-पुण्याच्या घरांतील दिव्यांतहि त्या कोळशाचा वाटा असतो. २००९ सालीं देशांतील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी निघाली, तींत चंद्रपुराचें नांव अगदीं वरच्या क्रमांकांत होतें. इंजिन येथें राबतें, झिजतें, धूर सोडतें. त्याची विद्या मात्र पुण्यास वाढली.

या तुटीचें स्वरूप गडचिरोलींत अधिक स्पष्ट दिसतें. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांत पर्लकोटा नदीला पूर आला कीं भामरागडचा जगाशीं संबंध तुटतो. अशा वेळीं वीज गेली म्हणजे दवाखान्यांतील दिव्याची आणि लसींच्या शीतपेटीची भिस्त जनित्रावर. तें बंद पडल्यास निष्णात अभियंता पुराच्या पलीकडेच राहतो; उपयोगी पडतो तो गांवांतला मिस्त्री. त्या मिस्त्र्याचें काम आतां अधिक कठीण होत आहे. १ जुलै २०२३ पासून नव्या डिझेल जनित्रांना धुराचे अधिक कडक नियम लागू झाले. नियम हितकर आहेत. परंतु ते पाळणाऱ्या इंजिनांत तेलाचा फवारा इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या हुकमतीनें सुटतो, आणि केवळ पान्याच्या व कानाच्या भरंवशावर त्यांतील दोष सांपडत नाहीं.

चंद्रपुरास १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गडचिरोलीस २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. म्हणजे शिकविण्याची जागा आहे. दुसरीकडे सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजासाठीं यंत्रें चढलीं आहेत. अशा वेळीं किती कोटी आले आणि किती टन निघाले, हे प्रश्न सर्वच विचारतात. त्यांच्या आधीं एक प्रश्न विचारला पाहिजे : आलेलें यंत्र खोलून पुन्हां जुळवूं शकणारे किती हात या भूमींत तयार झाले?

पुण्याच्या पदरांत ही विद्या पडली, कारण टंचाईनें कंपनीस ती देणें भाग पडलें. अरण्याच्या जिल्ह्यांना ती मागून घ्यावी लागेल. एटापल्लीचा मुलगा किंवा अहेरीची मुलगी पुराच्या रात्रीं बंद पडलेलें इंजिन जेव्हां चालू करील, तेव्हां त्यावर नांव कोणाचेंहि असो, तें यंत्र त्या जिल्ह्याचें झालें असें म्हणतां येईल.